भीतीसकट देवापाशी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र कोल्हापुरातल्या 42 वर्षांच्या एका शिक्षिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे तीन पिढ्या ख्रिस्ती आहेत. पती शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत शिफ्टमध्ये काम करतात. गेल्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसवला. आता ते कामावर परतलेत आणि डॉक्टर समाधानी आहेत. झोप मात्र ताईंची गेली आहे. पतींची रात्रपाळी असली की त्या फोन उशाशी घेऊन जाग्या राहतात. ते घरी असले की श्वास चालू आहे ना, हे बघायला रात्री दोन-तीनदा उठतात. प्रार्थनेत घरच्या सगळ्यांची नावं एका ठरलेल्या क्रमाने घेतात. एखादं नाव राहिलं किंवा मध्येच वाईट विचार आला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. यात रात्रीचा एक-दीड वाजतो.

त्या ज्या घरगुती प्रार्थनासभेला जातात तिथल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी त्यांना सांगितलं, "भीती म्हणजे अविश्वास." घराचं कर्ज घेतल्यापासून दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कामाला देणं, थांबला आहे, त्याकडेही बोट दाखवलं. आणखी कुणी म्हणालं, की खरा विश्वास असेल तर पतींना गोळ्यांची गरज पडायला नको. तेव्हापासून ताईंनी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेणं, बंद केलंय. यातलं काहीही त्यांनी पतींना सांगितलेलं नाही. त्या विचारतात: "मनात एवढी भीती असताना मी देवाच्या जवळ कशी राहू? विश्वास परत येईपर्यंत मंडळीपासून (चर्चपासून) लांब राहावं, की 21 दिवसांचा उपास धरून हे एकदाचं संपवावं?"

उत्तर

प्रिय ताई,

सगळ्यात आधी गोळ्यांचं, कारण ती गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या गोळ्या देतात, त्या मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. यावर सभेत चर्चा नको आणि कुणाचं मार्गदर्शनही नको. बायबलमधला हिज्कीया राजा मरणाला टेकला होता तेव्हा देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून त्याला आयुष्य वाढवून दिल्याचं सांगितलं, आणि त्याच यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला लावला. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं म्हटलं नाही. लूक तर वैद्यच होता, आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. आपल्या भागाचाच इतिहास बघा. 1852 मध्ये रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि इथे मिशनचं काम सुरू झालं. पुढे त्याच मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. सुवार्ता सांगणाऱ्यांनीच दवाखाना बांधला. प्रार्थना आणि औषध यांत भांडण आहे, हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. आपल्या आजी-आजोबांचा विश्वास ज्या परंपरेतून आला, ती ही परंपरा आहे. गोळी घेताना देवाचे आभार माना आणि गोळी घ्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारता, भीती असताना देवाजवळ कसं राहायचं. पण पत्र दोन-तीनदा वाचल्यावर मला वाटलं, की या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही आधीच खरी धरून चालला आहात. भीती आली त्या दिवशी तुम्ही देवापासून लांब गेलात, आणि ती संपेल त्या दिवशी परत याल, असं तुम्ही मानलंय. हे कुणी ठरवलं? पवित्र शास्त्रात 'भिऊ नको' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि ते नेहमी घाबरलेल्या माणसालाच सांगितलेले असतात. अब्राहाम, गिदोन, मरीया, रात्री मेंढरं राखणारे मेंढपाळ, सगळे घाबरलेले होते. आधी भीती टाकून ये, मग मी बोलेन, असं त्यांच्यापैकी एकालाही सांगितलं गेलं नाही. पौलाचंच घ्या. करिंथमध्ये प्रभू त्याला रात्री दृष्टान्तात म्हणाला, भिऊ नको, बोलत राहा. म्हणजे पौल घाबरला होता. तो स्वतः करिंथकरांना लिहितो, की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेला होतो, थरथर कापत होतो. मंडळ्या स्थापन करणारा प्रेषित हे उघडपणे कागदावर लिहितो आणि आपल्याला मात्र प्रार्थनासभेत 'मला भीती वाटते' एवढं म्हणायची चोरी होते, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि गेथशेमाने, अटकेच्या आधी येशूने जिथे प्रार्थना केली ती बाग. ताई, या उताऱ्यावर आपण घाईने पुढे जातो, कारण तिथे दिसणारा येशू आपल्याला पेलवत नाही. तो अतिशय व्याकूळ झाला होता. त्याने तिघा मित्रांना सांगितलं, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्याला सोबत हवी होती. त्याने बापाला विनवलं, की हा प्याला माझ्यावरून जाऊ दे. लूक लिहितो, की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. अशी रात्र ज्याने काढली त्याला अविश्वासू म्हणण्याची आपली कुणाची हिंमत होईल का? मग तशीच रात्र काढणाऱ्या बाईला अविश्वासू कसं म्हणायचं? आपला महायाजक आपल्या दुबळेपणाविषयी सहानुभूती बाळगणारा आहे, म्हणून धैर्याने कृपेच्या आसनाजवळ या, असं इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात म्हटलंय. तिथे बोलावणं आलंय ते ज्यांना मदतीची गरज आहे अशांनाच.

सभेतल्या त्या बाईंनी बहुधा योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन सांगितलं असेल, पूर्ण प्रीती भीती घालवून देते, ते. घाबरलेल्या माणसाला ऐकवलं जाणारं हे वचन मी अनेक पत्रांत वाचलंय. पण त्याच्या आधीची ओळ न्यायाच्या दिवसाविषयी आहे, आणि त्याच वाक्यात पुढे शिक्षेचा उल्लेख आहे. नवऱ्याच्या छातीत पुन्हा कळ आली तर, या भीतीबद्दल योहान तिथे बोलत नाही. देव मला शिक्षा करील, या भीतीबद्दल बोलतो, आणि ती भीती बाळगू नका, कारण त्याने आधी आपल्यावर प्रीती केली, असं सांगतो. घाबरलेल्यांना दटावण्यासाठी ते वचन लिहिलेलंच नाही.

हे वचन मी इथे मुद्दाम काढलं, कारण तुमच्या पत्रात मला एक नव्हे, दोन भीती दिसतात, आणि त्या एकमेकींत गुंतल्यात. पहिली पतींच्या जिवाची. ती प्रेमातून आलेली आहे. ज्या बाईने नवऱ्याला स्ट्रेचरवरून आत नेताना पाहिलंय तिला ती वाटणारच, आणि तिच्याबद्दल माफी मागायची गरज नाही. दुसरी भीती देवाची आहे: आपण दशमांश थांबवला म्हणून त्याने हे केलं, आणि आता प्रार्थनेत एक नाव जरी चुकलं तरी तो पुन्हा करील. तुमची झोप मला वाटतं पहिलीपेक्षा या दुसरीने जास्त घालवली आहे.

या दुसरीशी मात्र मला स्पष्ट बोलायचंय. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हाही त्याने लोकांना विचारलं, यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि लगेच उत्तर दिलं, की नाही. ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र पानंच्या पानं हेच सांगत बसले, की तुझं काहीतरी चुकलं असणार. शेवटी देवाचा राग भडकला तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. दशमांशाबद्दल म्हणाल तर, हप्ते, मुलांचं शिक्षण, दवाखान्याचं बिल हे सगळं समोर ठेवून काय देता येईल ते दोघांनी बसून ठरवा. पुन्हा थोडं थोडं सुरू करता आलं तर आनंदाने करा. पण नवऱ्याच्या जिवाचा विमा म्हणून एक रुपयाही देऊ नका. देवाचा हप्ता चुकला की तो माणसाच्या हृदयावर घाव घालतो, असा बाप येशूने आपल्याला दाखवलेला नाही.

आता रात्रीच्या प्रार्थनेकडे वळू. इथे तुम्हाला थांबवून एक गोष्ट विचारावीशी वाटते. क्रम चुकला म्हणून तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करता, तेव्हा तुम्ही देवाशी बोलत असता की त्या क्रमाशी? गेथशेमानेत येशूनेही तेच शब्द तीनदा उच्चारले. पण आधीची प्रार्थना बाद झाली म्हणून नव्हे, तर दुःख इतकं होतं की तेवढेच शब्द उरले होते. दुःखाने तीच प्रार्थना पुन्हा करणं निराळं, आणि चुकली म्हणून पुन्हा करणं निराळं. डोंगरावरच्या प्रवचनात, आपण पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं समजू नका, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक असते, असं आहे. तुमच्या धाकट्या दिराचं नाव राहिलं म्हणून देव त्यांना विसरत नाही.

ही गोष्ट फक्त विश्वासाची नाही, असंही मला वाटतं. क्रम मोडला की पुन्हा सुरू करावंच लागणं, नको ते विचार मनात घुसणं, खात्री करायला सारखं उठणं ही चिंतेच्या एका आजाराची लक्षणं असू शकतात. मी डॉक्टर नाही, पत्रावरून निदान करणार नाही. पण विश्वासू माणसांना हे फार पूर्वीपासून होत आलंय. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर मठात होते तेव्हा एखादं पाप सांगायचं राहिलं असेल या धास्तीने तासन्‌तास पापांगीकार करत बसायचे, आणि त्यांचे वरिष्ठ योहान श्टाउपित्स यांना त्याचा कंटाळा यायचा. श्टाउपित्स त्यांना पापांच्या यादीवरून नजर काढून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला सांगत. आज तुमच्यासाठी दोन्ही वाटा उघड्या आहेत. पाळकांशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही जा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. इतक्यात जायचं धाडस होत नसेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. हृदयाला डॉक्टर चालतो, तर मनाला का चालू नये?

तोवर आज रात्रीपासून एक करून बघा. सगळी नावं एका कागदावर लिहा. क्रम मुद्दाम उलटसुलट ठेवा. तो कागद बायबलमध्ये घाला. रात्री त्यावर हात ठेवून म्हणा, प्रभू, ही सगळी तुझी. मग प्रभूची प्रार्थना म्हणा, आमेन म्हणा आणि दिवा मालवा. पुन्हा सुरू करावं असं वाटेल, छातीत धडधडेल. करू नका. ती धडधड चढते, काही वेळ थांबते आणि आपोआप उतरते, पण आपण पुन्हा सुरुवात केली तर आपल्याला ते कधी कळतच नाही. पहिल्या रात्री फार जड जाईल. पौल रोमकरांस पत्रात लिहितो, की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अवाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. त्याच अध्यायात पुढे, ख्रिस्तही आपल्यासाठी विनंती करतो असं आहे. तुमचं आमेन झाल्यावरही तुमच्या पतींसाठी प्रार्थना चालूच राहणार आहे. आता तुम्ही झोपू शकता.

नवऱ्याच्या तब्येतीच्या काळजीचं काय करायचं? आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट झाली ते बघत असतो. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्यांना हे आकडे तोंडपाठ आहेत. आकडा कळणं उपयोगाचं असतं, कारण त्यावरून सामान वर चढवायचं की नाही, म्हातारी माणसं पाव्हण्यांकडे धाडायची की नाही, ते ठरतं. पण एकदा सामान हलवून झाल्यावर रात्रभर फोनवर फूट मोजत बसल्याने पाणी इंचभरही उतरत नाही. तुमच्या काळजीचीही अशीच वाटणी करा. जे सामान हलवायचं ते हलवा. पुढच्या तपासणीला दोघं मिळून जा आणि प्रश्न लिहून न्या: कोणती लक्षणं दिसली तर वाट बघत बसायचं नाही, जिना किती चढायचा, रात्रपाळी चालेल का, भट्टीजवळच्या उष्णतेचं काय, चालण्याचा व्यायाम किती. छातीवर दाब, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, घाम, दम लागणं, यातलं काही झालं तर 108 ला फोन करायचा, हे घरात मुलांनाही माहीत असू दे. फाईल, गोळ्यांची चिठ्ठी, दवाखान्याचा नंबर दाराजवळ एका पिशवीत ठेवा. पाळीवर सोबत असणाऱ्या एका विश्वासू माणसाचा नंबर घ्या आणि त्यालाही तुमचा द्या. एवढं झालं की तुमचं काम झालं. रात्री उठून श्वास मोजणं त्या यादीत नाही.

आणि हे त्यांना सांगा, ताई. मी तुमच्या जागी असते तर मंडळी, उपास, सगळ्याच्या आधी हेच केलं असतं. तुम्ही त्यांच्यापासून लपवता, कारण त्यांच्या मनावर ताण नको. पण रात्री कुणीतरी उठून आपल्या नाकाजवळ हात धरतंय हे माणसाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? झटका येऊन गेलेल्या बऱ्याच माणसांना नंतर भीती आणि उदासी येते, हे डॉक्टरही सांगतात. तेही घाबरलेले असतील आणि तुमच्या धीरासाठी गप्प असतील. एकाच खोलीत दोघं वेगवेगळे घाबरून पडलेत, हे काही ठीक नाही. शांत वेळ बघा, रविवारी दुपारी रंकाळ्यावर चालताना असेल. फार मोठं बोलायला नको. "मला रात्री झोप लागत नाही, तुमची भीती वाटते," एवढं पुरे. त्यानंतर दोघांनी मिळून एकच वाक्य प्रार्थनेत म्हणा. आजारी मुलाच्या बापाने येशूला जे म्हटलं, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर, ते वाक्य कुणालाही म्हणता येतं. त्या बापाने एकाच श्वासात दोन्ही कबूल केलं, आणि येशूने त्याच्या मुलाला बरं केलं.

प्रभुभोजनाबद्दल. तुम्ही ते घेत नाही कारण अयोग्य रीतीने खाल्लं-प्यालं तर दोष लागतो असं करिंथकरांस पत्रात आहे. पण पौल कशावर रागावला होता ते तिथेच लिहिलंय. सधन लोक आधीच जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते, मंडळीत काहींची फजिती होत होती. थरथरत्या हाताने येणाऱ्या माणसाबद्दल ते नाही. आणि पुढचं वाक्य काय आहे? माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग खावं. परीक्षा करून घरी बसावं असं नाही लिहिलेलं. पहिल्या भोजनाला कोण कोण बसलं होतं तेही आठवा. त्याच रात्री पेत्र तीनदा नाकारणार होता आणि बाकीचे सगळे पळून जाणार होते. येशूला ते ठाऊक होतं आणि त्याने भाकर मोडून त्यांच्या हातात दिली. आपण योग्य झालो म्हणून तिथे जात नाही.

म्हणूनच विश्वास परत येईपर्यंत मंडळीपासून लांब राहण्याचा तुमचा विचार मला पटत नाही. घरी एकटं बसून विश्वास कुठून परत येणार? योहानाच्या शुभवर्तमानात थोमा म्हणत होता, की मी बघितल्याशिवाय मानणार नाही. पण तो शिष्यांच्या घोळक्यातून उठून गेला नव्हता. आठ दिवसांनी येशू आला तेव्हा थोमा तिथेच होता. तुम्हीही तिथेच राहा. गायला आवाज फुटला नाही तर इतरांचं गाणं ऐका. काही रविवार फक्त बाकावर बसून काढा. त्या घरगुती सभेतून काही महिने सुट्टी घ्यायला मात्र माझी पूर्ण संमती आहे, रागाने नव्हे, जखम भरेपर्यंत. त्या बाईंविषयी मनात कडवटपणा ठेवू नका. घाबरलेल्या माणसासमोर आपल्याला काहीतरी बोलायलाच हवं असं वाटतं, आणि मग माणूस असलं काहीतरी बोलून जातो. एखाद्या मैत्रिणीला, जी उपदेश करत नाही तिला, आठवड्यातून एकदा घरी बोलवा.

21 दिवसांच्या उपासाला मी आत्ता नको म्हणेन. उपासाला माझा विरोध नाही, वेळ चुकीची आहे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला घाबरून रानात पळाला, रतामाच्या झाडाखाली बसून म्हणाला, पुरे, प्रभू, माझा प्राण घे. तेव्हा देवाने त्याला आधी काय दिलं? झोप. मग दूताने त्याला हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली आणि म्हटलं, ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपला, तरी दूत रागावला नाही, पुन्हा उठवून खायला दिलं, कारण वाट लांबची होती. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद, शांत आवाज त्याने ऐकला तो त्यानंतर, जेवून झोपून बरंच चालल्यावर. तुम्ही कित्येक महिने नीट झोपलेल्या नाही आहात. तुम्हाला आज उपासाची नव्हे, पोटभर जेवणाची आणि रात्रभर झोपेची गरज आहे, आणि ती मला आध्यात्मिक गरज वाटते. शरीर सावरल्यावर, डॉक्टरांना विचारून, कधी एखाद्या दिवसाचा उपास करावासा वाटला तर आनंदाने करा. तोही काही मिळवण्यासाठी नको.

एक गोष्ट मी तुम्हाला देऊ शकत नाही. 'तुमच्या पतींना काही होणार नाही' असं वचन मी देणार नाही, आणि जो कुणी देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गेथशेमानेत येशूने जे मागितलं तो प्याला दूर झाला नाही. लूक सांगतो की एक दूत येऊन त्याला शक्ती देत होता, एवढंच. पंडिता रमाबाईंची मनोरमा, त्यांची एकुलती लेक, 1921 मध्ये गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचा स्वतःचा मृत्यू होईपर्यंत ते काम चालूच राहिलं. त्या आईला भीती वाटली नसेल, रडू आलं नसेल, असं मला मुळीच वाटत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट पुन्हा वाचा. मरण, जीवन, चालू गोष्टी, होणाऱ्या गोष्टी, अशी यादी पौल देतो. आपल्याला ज्याची भीती वाटते ते सगळं त्या यादीत आहे. या गोष्टी घडणार नाहीत असं तो म्हणत नाही. देवाच्या प्रीतीपासून त्या आपल्याला वेगळं करू शकणार नाहीत, असं म्हणतो. माझ्या मेंढरांना कुणी माझ्या हातातून हिसकावून घेणार नाही, असं येशूनेही सांगितलंय. घट्ट धरण्याचं काम त्याने स्वतःकडे ठेवलंय. तुमची पकड सुटली तरी त्याची सुटत नाही.

एवढं सगळं करूनही कदाचित देव जवळ आहे असं वाटायला वेळ लागेल. काही स्तोत्रं त्यासाठीच आहेत. 42 वं स्तोत्र स्वतःच्याच जिवाला विचारतं, तू इतका खिन्न का झालास? 13 वं विचारतं, कुठवर, हे परमेश्वरा? आणि 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ येतच नाही. तरी तेही पवित्र शास्त्रात आहे, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाशीच बोलतं. हे स्तोत्र म्हणणारा देवापासून लांब होता असं मी कधीच म्हणणार नाही. स्वतःचे शब्द सुचत नसतील त्या रात्री यातलं एखादं मोठ्याने वाचा. तीच तुमची प्रार्थना समजा.

हे वाचणाऱ्या इतरांनाही थोडं सांगायचंय. मुलगी परदेशी गेलेली आई, नोकरी जाईल म्हणून धास्तावलेला माणूस, 'माझ्याकडून क्षमा न होणारं पाप झालं' या विचाराने रात्र रात्र जागणारा एखादा तरुण, तुमच्या भीतीचं कारण निराळं असलं तरी वर लिहिलेलं बरंचसं तुमच्यासाठीही आहे. त्या तरुणाला तर मी सांगेन, ज्याला आपल्या पापाचं इतकं दुःख होतं त्याने पवित्र आत्म्याला पाठ फिरवलेली नाही. हे पाळकांसमोर एकदा तोंडाने बोल. आणि कुणी घाबरलेलं माणूस तुमच्याकडे येऊन मन मोकळं करत असेल, तर लगेच वचन काढू नका. आधी विचारा, जेवलात का, झोप लागते का. त्यांच्या औषधांना हात लावू नका. सल्ला देण्याआधी त्यांच्यासोबत थोडा वेळ गप्प बसा. शक्य असेल तर दवाखान्यात सोबत जा.

ताई, पाळकसाहेबांना एकदा भेटून सगळं सांगा, प्रभुभोजनाचंही. एकटीने जाणं जड वाटत असेल तर पतींना बरोबर घेऊन जा. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी तुम्ही दोघं एकाच बाकावर बसा, आणि भाकर आली की हात पुढे करा. हात कापत असला तरी.